कोठीतलं आकाश

साहेबांचं मनगटी घड्याळ आम्हा सगळ्यांच्या घड्याळांपेक्षा अठरा सेकंद पुढे असायचं. ते बिघडलेलं नव्हतं. दिशा दाखवणारे उपग्रह आपली वेळ वेगळी पाळतात. पृथ्वीवरच्या घड्याळांत मधूनमधून एखादा सेकंद वाढवला जातो, तो ते धरत नाहीत, आणि असं साठत साठत त्यांचं घड्याळ आपल्याहून अठरा सेकंद पुढे गेलं आहे. साहेब म्हणायचे, ज्यांच्या जिवावर आपलं पोट चालतं त्यांची वेळ पाळावी माणसाने. आमची प्रयोगशाळा सकाळी नऊला उघडायची, म्हणजे उपग्रहांच्या नऊला. मी जिना चढून धापा टाकत आत शिरले की ते मनगट वर करून सांगायचे, "दहा सेकंद उशीर." माझ्या मोबाईलवर तेव्हा नऊ वाजायला आठ सेकंद बाकी असायचे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही बाराजण होतो. आमची छोटी कंपनी उपग्रहांचे सिग्नल पकडून आपण कुठे आहोत हे सांगणारे रिसिव्हर बनवायची. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. ती ड्रोनमध्ये बसायची, आणि ते ड्रोन द्राक्षबागांवर औषध फवारायचे. कंपनी मॅडमची. त्या स्वतः इंजिनिअर, कमी बोलणाऱ्या आणि बोललेलं विसरू न देणाऱ्या. साहेब चाचणी विभागाचे प्रमुख होते आणि त्या विभागात दुसरं कोणी नव्हतं. मग मी लागले.

चाचणी कसली, ते सांगायला हवं. उपग्रहाचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळ कुठेही जरासा रेडिओचा गोंगाट झाला तरी तो बुडतो. अशा गोंगाटात आपला रिसिव्हर काय करेल हे आधीच पाहावं लागतं. पण तो गोंगाट उघड्यावर करता येत नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने वरून जाणाऱ्या विमानाचीही वाट चुकू शकते. म्हणून संगणकावर खोटे उपग्रह तयार करायचे, खोटा गोंगाट तयार करायचा, आणि दोन्ही एका बंद धातूच्या पेटीत सोडायचे. पेटीत रिसिव्हर ठेवायचा. त्याला वाटतं आपण उघड्या आभाळाखाली उडतो आहोत.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत यासाठी खोलीएवढ्या महागड्या पेट्या असतात. आमची पेटी म्हणजे धान्याची कोठी होती. साहेबांनी ती जुन्या नाशकातल्या एका पत्र्याच्या दुकानातून छातीएवढ्या उंचीची निवडून आणली होती आणि झाकणाच्या कडेला तांब्याच्या जाळीची पट्टी स्वतः बसवली होती. पाहुणे आले की आधी हसायचे. मग साहेब त्यांचा मोबाईल मागून घ्यायचे, कोठीत टाकायचे, झाकण लावायचे आणि म्हणायचे, "लावा आता फोन." तो कधीच लागायचा नाही.

मला नोकरी मिळाली ती या कोठीमुळे. माझं गाव नामपूर. वडील तिथल्या कांदा मार्केटमध्ये मापारी, म्हणजे वजन करणारे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत पदवी घेतलेली मी पहिलीच. कॉलेजात आम्हा खेड्यांतल्या मुलांना मुलाखतीची खास तयारी करून घेतली होती. मान ताठ, आवाज खणखणीत, आणि प्रश्न कोणताही येवो, "माहीत नाही" म्हणायचं नाही. मुलाखतीत मॅडमच्या शेजारी एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या खाकी शर्टात उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. उत्तर दिशा कुठे?

खोलीला खिडकी नव्हती. मी मान ताठ ठेवली आणि खणखणीत हात दाखवला.

त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं, पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास अंश चुकलीस. चुकलीस ते चालेल. ठामपणे चुकलीस, ते चालणार नाही."

गेली नोकरी, असं धरून मी उठले, आणि जाताना कोपऱ्यातली कोठी दिसली. न राहवून विचारलं, ही इथे कशाला? त्यांनी उलट विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, आमच्या घरीही अशीच आहे, बाजरीची. भावाने माझा फोन लपवला होता तिच्यात आणि रिंग जाईना, तेव्हा मला कळलं की पत्र्यातून सिग्नल जात नाही. पण नक्की तेच कारण आहे का, माहीत नाही. ते मॅडमकडे वळले. "हिला घ्या," म्हणाले. "आत्ता कुठे खरं बोलली."

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने पगार विचारला नाही. "साहेब कसा शे तुना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, विचित्र आहेत. ती म्हणाली, विचित्र चालेल, नजर सरळ असली म्हणजे झालं.

साहेब वणीजवळच्या एका खेड्यातले. दहावी झाल्यावर सैन्यात भरती झाले आणि तोफखान्यात मोजणीचं काम शिकले. बरीच वर्षं देवळालीला होते, पुढे सरहद्दीवर. "तोफेला आपण कुठे उभ्या आहोत ते ठाऊक नसतं," ते सांगायचे. "ते आम्ही सांगायचो. आमचं चुकलं तर गोळा जायचा, पण कुणाच्या अंगावर जायचा त्याचा भरवसा नाही." त्या काळात त्यांच्याकडे उपग्रह नव्हते. कोन मोजायचा, अंतर मोजायचं, पुन्हा मोजायचं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की साध्या गोष्टीही ते साध्या सांगत नसत. कंपनीत पहिल्याच दिवशी मी विचारलं, चहा कुठे मिळतो? ते म्हणाले, "फाटकातून दोनशे दहा अंश, तीनशे ऐंशी पावलं, वाटेत कुत्रं आहे." तीनशे ऐंशी पावलांवर टपरी होती. कुत्रंही होतं.

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात वीस गोटे असायचे, नदीतले, सुपारीएवढे. चालताना शंभर पावलं झाली की एक गोटा डाव्या खिशात. बसस्टॉपपासून कंपनीपर्यंत रोज मोजायचे. रस्ता तोच, मग रोज कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं की रस्ता तोच आहे, पण पाय रोज एक दिवस म्हातारे होतात. वर्षाला बारा-पंधरा पावलं वाढतात. आपलं माप बदलतंय हे आपल्याला आधी कळलं पाहिजे, दुसऱ्याने सांगायच्या आत.

रिसिव्हरांशी ते बोलायचे. कोठीत ठेवताना "चला, बसा" म्हणायचे. एखादा चुकला की कारागिरांवर चिडायचे, रिसिव्हरवर कधीच नाही. "तो खोटारडा नाही गं, भोळा आहे. कानावर पडेल ते खरं मानतो. त्याला माहीत नाही म्हणायला शिकवणं, हीच आपली नोकरी."

आमच्या चाचणीच्या वहीत त्यांनी आखलेला पहिला रकानाच "माहीत नाही" असा होता. प्रत्येक चाचणीआधी तो भरायचा. "काही नाही" असं लिहिलं तर ते पान फाडायचे. मला तो रकाना पहिले काही महिने शिक्षेसारखा वाटला. पदवी घेऊन आलेल्या माणसाने सकाळी सकाळी स्वतःचं अज्ञान लिहून काढायचं, आणि तेही दहावी झालेल्या माणसाच्या देखरेखीखाली. मी काहीतरी लिहायचे. खोलीचं तापमान माहीत नाही. वायरीची लांबी माहीत नाही. ते वाचायचे आणि खाली सही करायचे. खरं न कळलेलं काय ते मी स्वतः शोधावं म्हणून ते थांबले होते, हे मला फार नंतर कळलं.

एकदा बाहेरच्या एका कंपनीचा विक्रेता आला. कोटबिट घातलेला. म्हणाला, आमचा रिसिव्हर कुठल्याही गोंगाटात हरवत नाही. साहेबांनी त्याला आदराने बसवलं, चहा मागवला आणि रिसिव्हर कोठीत ठेवला. चहा संपेपर्यंत त्या रिसिव्हरने हिरवा दिवा लावून, अत्यंत खात्रीने, आपण अरबी समुद्रात असल्याचं कळवलं. साहेबांनी तो नीट पुसून खोक्यात घातला आणि परत देताना म्हणाले, "जपून न्या. ओला असेल."

आता मुख्य गोष्ट.

माझ्या नोकरीला आठ महिने झाले होते. आमचे रिसिव्हर घेणाऱ्या ड्रोन कंपनीचे व्यवस्थापक एका सकाळी फाईल घेऊन आले. उंच, किडकिडीत, बोलताना पेनाने टेबलावर टकटक करणारे. त्यांनी सांगितलं की वणीच्या रस्त्यावरच्या एका बागेत त्यांचा ड्रोन दोनदा ओळ सोडून आठ मीटर बाजूला सरकला. दुसऱ्या वेळी औषध शेजारच्या बागेवर पडलं. ती बाग काढणीला आलेली होती, औषधाच्या अंशामुळे तो माल आता परदेशी जाणार नाही. आणि दोन्ही वेळा तुमचा रिसिव्हर हिरवा दिवा दाखवत होता. मी बरोब्बर ओळीवर आहे, असं सांगत होता.

"तुमच्या चाचण्यांच्या अहवालात यातलं काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणजे एकतर डबी वाईट, नाहीतर चाचणी वाईट. महिनाभरात सांगा. नाहीतर सगळे रिसिव्हर परत घ्या."

ते गेल्यावर मॅडमनी आमचे जुने अहवाल काढून चाळले. मग म्हणाल्या, "रिसिव्हर परत आले तर आपण सुधारून देऊ, साहेब. पण ही चाचणीच कुचकामी ठरली, तर कोठी बंद करावी लागेल. मग मी तपासणी बाहेरूनच करून घेईन."

साहेब "ठीक" एवढंच म्हणाले. कोठी बंद म्हणजे साहेब घरी, आणि मी नामपूरला.

मी कामाला लागले. संगणकावर गोंगाट तयार करायचा आणि नोंदींचा आलेख काढायचा प्रोग्रॅम माझाच होता. दुरून एखादं वाहन यावं आणि निघून जावं तसा गोंगाट हळूहळू वाढायचा आणि हळूहळू उतरायचा. चाचणी पुन्हा पुन्हा केली. दरवेळी गोंगाट वाढला की उपग्रह हरवायचे, लाल दिवा लागायचा. ड्रोन अशा वेळी थांबून खाली उतरला असता. कुठेही दोष नव्हता. व्यवस्थापकांनी ड्रोनमधली नोंदींची फाईलही दिली होती. तीही मी माझ्या प्रोग्रॅममधून काढली. सरळ, गुळगुळीत रेषा. मी साहेबांना सांगितलं, यात काही नाही.

"बागेत गेलीस का?"

"नाही, साहेब. फाईल आहे ना."

"फाईल चालत गेली होती का बागेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने निघालो. थांब्यापासून बाग चौदा गोटे होती. बागेचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, बांधावरच उभे होते. रागात होते, आणि का ते लगेच कळलं. औषध पडलेली शेजारची बाग त्यांच्या सख्ख्या भावाची होती आणि भाऊ त्या दिवसापासून बोलत नव्हता.

"तुमचं यंत्र लय हुशार हाय म्हणे," अण्णा म्हणाले. "मंग माझ्या भावाच्या बागेत काय करत व्हतं?"

"तेच बघायला आलोय," साहेब म्हणाले.

साहेबांनी माझ्या हातात काठीला बांधलेला रिसिव्हर दिला, वही दिली आणि ओळींमधून चालायला लावलं. दर पावलाला ते "हां" म्हणायचे आणि मी त्या क्षणाचा सिग्नलचा आकडा हाताने लिहायचा. मला राग येत होता. तीच डबी सेकंदाला पाच आकडे स्वतः साठवते, आणि मी उन्हात पेन्सिलीने लिहीत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. चौथ्या ओळीच्या शेवटी साहेबांनी वही घेतली, वेलीखालच्या सावलीत उकिडवे बसले आणि आकडे मोठ्याने वाचू लागले.

"चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस. तीस, एकतीस, तीस. चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. एकतीस, तीस, तीस." ते थांबले. "हे काय करतंय, कळतंय का? श्वास घेतंय."

मी वही ओढून घेतली. चार पावलं वर, तीन पावलं खाली. पुन्हा चार, पुन्हा तीन. पान भरून तेच. असं करवतीसारखं काही माझ्या संगणकावर मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं.

कॉलेजात आमचे एक सर आलेख दातेरी आला की गुण कापायचे. स्वच्छ काम करा, म्हणायचे. मी पहिल्या आठवड्यातच, कुणीही सांगितलेलं नसताना, माझ्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती. आलेला प्रत्येक आकडा तसाच न ठेवता दर दहा सेकंदांची सरासरी काढायची आणि तेवढीच साठवायची. फाईल हलकी, रेषा सुंदर, मॅडमही खूश. तीन-चार सेकंदांचा कुठलाही श्वास त्या सरासरीत पुसला जात होता. व्यवस्थापकांनी दिलेल्या फाईलमध्येही तो असणार. मी तो पुसला होता, आणि पुसून झाल्यावर सांगितलं होतं की यात काही नाही. "माहीत नाही"च्या रकान्यात वायरीची लांबी लिहिणारी मी.

तिथेच, वेलीखाली, मी साहेबांना सगळं सांगितलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

मला वाटलं ओरडतील. ते उठले, गुडघे झटकले. "चूक सापडली की आधी मोजायची," म्हणाले. "रडायचं ते नंतर, वेळ उरला तर. चल."

श्वास जिथे खोल होत होता त्या दिशेने आम्ही चालत गेलो. ओळी ओलांडत, आकडा आणखी उतरतोय का पाहत. पंचवीस, बावीस, एकोणीस. शेवटी अण्णांच्या नव्या बंगल्याच्या ओट्यापाशी पोचलो. साहेबांनी वर पाहिलं. गच्चीवर पांढऱ्या नळीवर एक छोटा अँटेना होता आणि हातभर अंतरावर दुसरा.

अण्णा म्हणाले, रेंज वाढवायचं यंत्र आहे ते. थोरल्याने ऑनलाइन मागवलं, घरात फोन लागत नव्हता म्हणून.

साहेबांनी त्यांना समजावलं. लग्नाच्या मांडवात कुणी माईक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते ना, तसं या यंत्राचं झालं आहे. दोन्ही अँटेना जवळजवळ लावल्यामुळे ते स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळतं. तीन सेकंद किंचाळलं की घाबरून स्वतः बंद पडतं, चार सेकंदांनी पुन्हा सुरू होतं. माणसाच्या कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, पण ड्रोनला येतं. शिवाय असं यंत्र परवानगीशिवाय लावायचं नसतं.

अण्णा ओट्यावर बसले. "म्हंजे माझ्याच घरानं माझा ड्रोन हाकलला?"

"थोडा तुमच्या घराने, थोडा आमच्या डबीने," साहेब म्हणाले. "आणि आमच्या चाचणीने तो दोष पकडला नाही."

"आता भावाला काय सांगू?"

"चला, आम्ही सांगतो."

आणि आम्ही खरोखर बांध ओलांडून गेलो. भाऊ खाटेवर पाठ करून बसले होते. साहेबांनी कुणाचं किती चुकलं ते जसंच्या तसं सांगितलं, आमच्यापासून सुरुवात करून. भावाने शेवटपर्यंत मान वळवली नाही, पण आतून चहाचे चार कप आले. चौथा अण्णांचा होता.

मॅडमना सांगायची वेळ आली तेव्हा मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "प्रोग्रॅम तुझा, तूच सांग." मी सांगितलं. मॅडमनी विचारलं की या सरासरीवर आतापर्यंत किती अहवाल बाहेर गेले. मी म्हटलं, मी लागल्यापासूनचे सगळे. त्यांनी त्याच दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं की हे अहवाल ग्राह्य धरू नका, नवे पाठवतो. मला कामावरून काढलं नाही. फक्त म्हणाल्या, पत्रांवर सही तुझीही राहील. ती सही मी केली, आणि आज ती मला माझ्या पदवीवरच्या सहीपेक्षा मोठी वाटते.

मग आम्ही तो श्वास कोठीत सोडला. तीन सेकंद गोंगाट, चार सेकंद शांतता, आणि नोंद प्रत्येक आकड्याची, सरासरीशिवाय. पत्र्याच्या अंधारात निपचित पडलेला रिसिव्हर आपण अण्णांच्या बागेवरून उडतोय अशा समजुतीत होता. पडद्यावर आम्हाला दोन रेषा दिसत होत्या, एक आम्ही दिलेली खरी वाट आणि दुसरी त्याला वाटणारी. चौथ्या मिनिटाला दुसरी रेषा हळूच बाजूला झाली. दोन मीटर. पाच मीटर. आठ. हिरवा दिवा तसाच.

साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला, पलटणीत बढती मिळाल्यावर हलवतात तसा. चाचणी जिवंत झाली होती.

कारणही आता दिसत होतं. सिग्नल क्षणभर गेला की रिसिव्हर आधीच्या वेगावरून अंदाजाने पुढे जातो. ते योग्यच आहे, नाहीतर तो प्रत्येक झाडाखाली हरवेल. सिग्नलचा अंधार पाच सेकंदांपेक्षा लांबला तरच लाल दिवा, असं आम्ही ठरवलेलं होतं. इथे अंधार तीनच सेकंदांचा होता. मधल्या चार सेकंदांत सगळे उपग्रह परत हाती लागत नव्हते, तेवढ्यात पुन्हा अंधार. मग अंदाजावर अंदाज, त्याच्यावर तिसरा अंदाज. चूक साठत गेली आणि लाल दिव्याची वेळ कधी आलीच नाही.

पाच सेकंदांचे दोन करावेत, असं मी सुचवलं. साहेबांनी नकार दिला. उद्या दुसरं कुठलं यंत्र दीड सेकंद किंचाळेल, मग काय करशील? आणि त्यांनी तोफखान्यातला नियम सांगितला. मोजणी करणाऱ्याला धुक्यात अंदाजाने पुढे जायची मुभा असे, पण अंदाज तीनदा झाला की चौथा करायचा नाही. थांबायचं, आणि ओळखीची खूण पुन्हा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. किती वेळ अंधार होता हे कुणी विचारत नसे. शेवटची खूण पाहिल्यापासून किती अंदाज केलेस, हे विचारत.

मॅडमनी ते ऐकलं, खुर्ची ओढली आणि रिसिव्हरचा प्रोग्रॅम नव्याने लिहायला बसल्या. मी शेजारी. रिसिव्हरने आता अंदाज मोजायचे होते. पुरेसे उपग्रह पुन्हा पक्के हाती लागले तरच मोजणी शून्यावर. नाहीतर लाल दिवा.

ठरल्या दिवशी व्यवस्थापक आले. मी त्यांना सरासरीची गोष्ट सांगितली, न अडखळता. त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. मग कोठीवर प्रयोग दाखवला. आठ मीटर सोडाच, आठ सेंटिमीटरही न सरकता लाल दिवा लागला. ते म्हणाले, ताल तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पकडलात. ताल मी देणार.

"द्या," साहेब म्हणाले.

व्यवस्थापक टेबलावर पेन वाजवू लागले आणि मी प्रत्येक टकटकीबरोबर कोठीत गोंगाट सोडू लागले. भराभर वाजवलं, लाल दिवा. सावकाश वाजवलं, लाल दिवा. मधेच थांबून फसवायचा प्रयत्न केला, तरी लाल. तासभर हा खेळ चालला. कंपनीतले सगळे दारात जमले. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत गणपतीच्या आरतीचा ठेका धरला. बाराजणांच्या साक्षीने, भर दुपारी, कोठीसमोर. लाल दिवा लागला. दारातून कुणीतरी "मोरया" म्हणालं आणि व्यवस्थापकांना हसू आवरेना.

फाईल मिटताना मात्र ते पुन्हा गंभीर झाले. "एक हंगाम," म्हणाले. "एकदाही हिरव्या दिव्यात सरकला, तर सगळे परत."

तो हंगाम मी फोनकडे बघत काढला. आणि एका सकाळी फोन आलाच. मॅडमनी ऐकून घेतला, खाली ठेवला. "दिंडोरीच्या बाजूला ड्रोन बागेत मधेच उतरलाय," म्हणाल्या. "ते तिथेच आहेत. आपल्याला बोलावलंय." साहेबांनी चपला घातल्या.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा व्यवस्थापक बागेच्या कडेच्या वाटेवर उभे होते. ड्रोन मोकळ्या जागेत नीट चारही पायांवर बसला होता, लाल दिवा लागलेला. ते आम्हाला पुढे घेऊन गेले, पावलं मोजत. वीस पावलांवर, ज्या ओळीकडे ड्रोन निघाला होता तिच्यापासून तिसऱ्या ओळीत, सहा-सात बाया घडांची विरळणी करत होत्या.

"इथेही सिग्नल तसाच येत-जात होता. आठ मीटर सरकला असता तर यांच्या डोक्यावर होता," ते म्हणाले. "औषध चालू असताना. हिरव्या दिव्यात." मग साहेबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "पुढच्या वर्षीच्या सगळ्या ड्रोनना तुमच्याच डब्या. आणि तपासून येऊ द्या त्या कोठीतूनच."

मॅडम पहिल्यांदा माझ्यादेखत मोठ्याने हसल्या. मी बांधावर बसून वही काढली आणि ती वीस पावलं लिहून ठेवली.

बायांपैकी एक म्हातारी कात्री खोचून आमच्याकडे आली. तिने ड्रोनकडे बोट दाखवलं आणि साहेबांना विचारलं, "आमाला पाहून थांबलं का हो ते?"

"नाही, मावशी," साहेब म्हणाले. "तुम्ही त्याला दिसतच नाही. त्याला वरचं आभाळ दिसेना झालं. आपण कुठे आहोत ते कळेना, म्हणून खाली बसलं."

म्हातारीने ड्रोनला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"कळंना म्हणून बसलं?" ती म्हणाली. "मंग शानं हाय की."

साहेबांना सैन्यात पदकं मिळाली होती, ती त्यांनी मला कधी दाखवली नाहीत. पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी ते वाक्य मॅडमना दोनदा सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला एकदा, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला पूर्ण हकिकतीसकट. आता साहेब वणीकडे आपल्या गावी असतात आणि चाचणी विभाग मी सांभाळते. नवे रिसिव्हर तपासून झाले की अहवालाच्या शेवटी निष्कर्ष लिहावा लागतो. मॅडमना मान्य आहे आणि गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली आहे. जो रिसिव्हर उत्तीर्ण होतो, त्याच्यापुढे मी दोनच शब्द लिहिते: शहाणा आहे.